माळ्यावरची नावं

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं आजवरचं लिखाण म्हणजे परीक्षेतली उत्तरं आणि वडिलांच्या रजेचे अर्ज. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते आमचे घरमालक. त्यांना न विचारता लिहितोय याचं मनावर जास्त दडपण आहे, कारण दुसऱ्याच्या कशालाही विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हे मी त्यांच्याच अंगणात शिकलो. त्यांना हे कळलं तर ते रागावणार नाहीत. नुसतं दारात उभं राहून खोकतील, आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागेल. म्हणून त्यांचं नाव इथे लिहीत नाही. सगळी चाळ त्यांना काका म्हणायची, मीही तेच म्हणतो.

भाईंदर पश्चिमेला जुन्या गावठाणात काकांची बैठी चाळ आहे. पुढे त्यांचं स्वतःचं घर, मागे ओळीने भाडेकरूंच्या खोल्या, मध्ये अंगण आणि अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. वडील मीरा रोडला एका सोसायटीत वॉचमन होते आणि आई स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. माझं सगळं लहानपण त्या चाळीतल्या कडेच्या खोलीत गेलं.

काकांच्या घराण्याचं आयुष्य मिठागरात गेलेलं. त्यांची शाळा चौथीनंतर सुटली. मिठागरं संपली तरी तिथल्या दोन सवयी त्यांच्या अंगात राहिल्या. एक म्हणजे अनवाणी चालणं. दुसरी म्हणजे बारा महिने छत्री. भर जानेवारीतही ते लुंगी, पांढरा हाफ शर्ट, अनवाणी पाय आणि डोक्यावर उघडी छत्री अशा थाटात बाजारातून यायचे. नवीन माणसं वळून बघत. शर्टाच्या खिशात त्यांच्याकडे पेन नसे, मोबाइल नसे. खडू असे. त्याचा पांढरा डाग सगळ्या शर्टांच्या खिशांना पडलेला होता आणि पांढऱ्यावर पांढरा म्हणून तो दिसायचा नाही, असं काकांचं म्हणणं. काकींचं म्हणणं वेगळं होतं. "धुनार मी, मना दिसतो."

नवीन भाडेकरू आला की काका पहिल्या दिवशी वाटीभर खडे मीठ घेऊन त्याच्या दारात जात. वाटी हातात देत नसत. मीठ हातातून हातात द्यायचं नाही, म्हणून उंबऱ्यावर ठेवत आणि दोन पावलं मागे सरत. मग म्हणत, "आता घर तुमचं." हे ते नुसतं बोलण्यापुरतं म्हणत नसत. त्या दिवसानंतर त्या खोलीत ते पाऊल टाकत नसत. दारात येऊन खोकायचे आणि उभे राहायचे. आमच्या छपरातून पाणी गळायला लागलं तेव्हा आई त्यांना म्हणाली, "काका, आत येऊन बघा ना, चहाही होईल."

"नको. तुमचं घर हाय."

"अहो, घर तुमचंच आहे."

"भिंती माझ्या. घर तुमचं."

मग त्यांनी बाहेरूनच छत्रीचं टोक आत घालून कारागिराला जागा दाखवली. शेजारच्या खोलीत हिंदी बोलणारं कुटुंब होतं. तिथेही हाच प्रकार, फक्त भाषा बदलायची. "मैं अंदर नय आयेगा. वो कोने में टपकताय, वो देखो." आतली बाई पदर सावरत हसायची आणि म्हणायची, "चाचा, आप किरायेदार हो क्या?"

पण काकांचं खरं वेड म्हणजे त्यांचा माळा.

खोली सोडून जाणारी माणसं बरंच काही मागे टाकून जातात. टेम्पोत मावत नाही, नवीन घरात जागा नसते, किंवा नुसतं विसरून राहतं. दुसरा कुठलाही मालक ते भंगारवाल्याला देईल. काका ती प्रत्येक वस्तू पुसून आपल्या घराच्या माळ्यावर चढवत आणि खडूने तिच्यावर किंवा तिच्यामागच्या फळीवर ज्याची त्याचं नाव लिहीत. अक्षर मोठं, एकेक सुटं, चौथीतल्या मुलाचं. महिनाभरात नाव पुसट झालं की पुन्हा गिरवत. माळ्यावर एक स्टोव्ह होता, बाळाचा पाळणा होता, कुणाचं तरी हेल्मेट होतं आणि गुप्ता नावाच्या भाडेकरूचं एकच डंबेल होतं. काकी त्या डंबेलवर फार जळायच्या. "माझ्या घरात मना पापडाचा डबा ठेवायला जागा न्हाय, आनि ह्यो बघा, राजावानी बसलाय."

"त्याचा हाय," काका म्हणत. तेवढंच.

"तो येनार हाय का एका डंबेलसाठी उत्तर प्रदेशातनं?"

"आला तर?"

मी एकदा खरंच कुणी आलेलं पाहिलं. काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात वेटर असलेला माणूस, लग्नाआधी आमच्या चाळीत राहून गेलेला, बायकोला जुनी जागा दाखवायला आला होता. काकांनी त्याला ओळखलं नाही. नाव विचारलं. नाव ऐकताच शिडी लावली आणि माळ्यावरून एक काळा गॉगल खाली आणला. तो बघून त्या माणसाची बायको तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "शादी से पहले जो फोटो भेजा था, उसमें यही चश्मा है." त्याने तो तिथेच डोळ्यांवर चढवला. काका मात्र त्याला सोडेनात. शिडी दाखवून म्हणाले, "ऊपर जाव. नाम पोंछो."

"आप ही पोंछ दो ना, चाचा."

"नय. जिसका नाम, वो पोंछेगा."

तो बिचारा चांगल्या कपड्यांत शिडी चढला आणि फळीवरचं आपलं नाव पुसून आला. हा काकांचा नियम होता. नाव ते लिहीत, गिरवत, पण दुसऱ्याचं नाव कधी स्वतः पुसत नसत.

एका भाडेकरूचं मात्र असं काही त्यांच्याकडे राहिलं की जे माळ्यावर चढवता येण्यासारखं नव्हतं. ती कोमल.

कोमलची आई संगीता सोलापूरकडची. कडेवर तान्ही मुलगी घेऊन एकटीच खोली बघायला आली होती. नवरा कुठे आहे असं काकींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तो विषय नको, काकी," आणि काकींनी पुन्हा विचारलं नाही. मीरा रोडच्या एका खाजगी दवाखान्यात ती आयाचं काम करायची. दिवसा कोमल काकींजवळ असायची. काकींना स्वतःचं मूल नव्हतं. कोमल भिंतीला धरून चालायला लागली त्या सुमारास संगीताला कावीळ झाली. तरीही ती कामाला जात राहिली आणि शेवटी जिथे काम करायची तिथेच तिला भरती करावं लागलं. ती परत आली नाही. मी तेव्हा शाळेत होतो. हे बरंचसं आईकडून ऐकलेलं आहे.

काकांनी गावी निरोप पाठवला. संगीताचा धाकटा भाऊ आला. त्याने बहिणीचं क्रियाकर्म केलं, नळाशी बसून रडला आणि जाताना काकांना म्हणाला, "मी एकटा, माझंच जेवण बाहेर. एवढ्याशा लेकराला कुठं नेऊ? थोडे दिवस ठेवा तुमच्याकडं."

थोड्या दिवसांची वर्षं झाली. भाऊ अधूनमधून फोन करायचा, मग फोनही विरळ झाले. काकांच्या लेखी मात्र काही बदललं नाही. एका माणसाने ठेवायला दिलंय, आपण ठेवायचं. संगीताची ट्रंक माळ्यावर गेली आणि तिच्यावर खडूने 'संगीता' लिहिलं गेलं. दवाखान्याच्या ओळखपत्रातला तिचा फोटो मोठा करून काकांनी आपल्या घरात लावला.

कोमल बोलायला लागली आणि एके दिवशी काकींना 'आई' म्हणाली. माझी आई तेव्हा नळावर होती, तिने हे ऐकलंय. काका ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "काकी बोल, पोरी. काकी."

काकी भांडं खाली ठेवून वळल्या. "तिच्या तोंडातनं आलं. मी शिकवलं न्हाय."

"तिला आई हाय."

"कुठं हाय?"

काकांनी छत्री माळ्याकडे केली. ट्रंकेकडे. काकी आत निघून गेल्या. त्यानंतर बरेच दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत, ताट मात्र वेळेवर वाढत होत्या. आई म्हणते, त्या दिवशी काका चुकले. मला अजून ठरवता येत नाही. एवढं खरं की कोमल 'काकी'च म्हणायला शिकली, आणि काकी तिच्या वेण्या घालताना तिला लाडाने 'माझी बय' म्हणायच्या, तेव्हा काका मुद्दाम बाहेर जाऊन बसायचे.

कोमल अक्षरं शिकली ती माळ्यावर. काका शिडी धरून उभे राहायचे आणि ती वर बसून एकेक नाव वाचायची. पहिलीत बाईंनी विचारलं, ग कशाचा? सगळा वर्ग म्हणाला गणपतीचा. कोमल म्हणाली गुप्ताचा. बाईंनी घरच्यांना बोलावलं तेव्हा काकांनी वर्गाच्या दारात उभं राहून, आत न जाता, गुप्ता कोण ते त्यांना समजावून सांगितलं.

एका रविवारी मी अंगणात अभ्यासाला बसलो होतो. कोमल शिडीवरून उतरली आणि काकांच्या पुढ्यात उभी राहिली.

"सगळ्यांवर नाव आहे. माझ्यावर कुठेय?"

काकांनी थोडा विचार केला. मग तिच्या दप्तरावर खडूने आधी 'कोमल' आणि खाली 'संगीता' लिहिलं. तिने ते वाचलं आणि पुन्हा वर बघितलं. "आणि तुमच्यावर कुणाचं?"

आतून काकींचा आवाज आला, "त्यांच्यावर कशाला? त्यांना कोन नेतंय घेऊन?"

मी हसलो. काकाही हसले. कोमल हसली नाही, ती त्यांच्याकडे बघत राहिली. हे मला आता आठवतंय. तेव्हा मी लगेच पुस्तकात डोकं घातलं होतं.

कोमल चौथीत असताना मामा आला. म्हणजे संगीताचा तोच भाऊ. आता त्याचं लग्न झालं होतं, टँकरवर ड्रायव्हर म्हणून पक्की नोकरी होती. सोबत बायको होती. तिने कोमलसाठी फ्रॉक आणला होता, तो दोन वर्षं आधीच लहान झाला असता असा. तो वाईट माणूस नव्हता हे मला लिहिलं पाहिजे. ओट्यावर बसून तो मान खाली घालून म्हणाला, "काका, गावात लोक विचारतात, बहिणीची पोर कुठं टाकलीस? मला उत्तर देता येत नाही. परीक्षा झाली की मी तिला नेतो."

काकी आत गेल्या. काका उठले, शिडी लावली आणि ट्रंक खाली आणली. मामासमोर ठेवली. "तुमची हाय. बघून घ्या." ट्रंकेत चार साड्या होत्या, बांगड्या, डबा, मोबाइलचा चार्जर. काहीही इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. साड्यांत कडुलिंबाचा पाला होता आणि तो जुना नव्हता. मामा चार्जर हातात धरून रडायला लागला. मग त्याने स्वतःच आपल्या हाताने ट्रंकेवरचं बहिणीचं नाव पुसलं.

मला वाटलं, काका आता कोमललाही अशीच पुढे करणार. काकींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या दाराची कड धरून उभ्या होत्या.

काका म्हणाले, "ही वस्तू होती. दिली. पोरगी वस्तू न्हाय. तिला इचारा."

कोमलला विचारलं. ती मामीने आणलेला फ्रॉक हातात घेऊन म्हणाली, "मी इथेच राहते. तुम्ही येत जा." इतकं साधं. पण मामा म्हणाला की लहान मुलीचं काय ऐकायचं, रक्ताचं नातं माझं आहे. आणि तो कोर्टात गेला. काकांनीही मग मीरा रोडच्या एका तरुण वकीलबाईंना गाठलं. त्यांनी ठाण्याच्या कोर्टात अर्ज केला की कोमलचे कायदेशीर पालक म्हणून काका आणि काकींना नेमावं.

चाळीतला एकमेव कॉलेजवाला म्हणून काका मला सोबत न्यायचे. वकीलबाई बोलायच्या त्यातलं निम्मं मला समजायचं आणि उरलेलं समजल्यासारखं मी मान हलवायचो. त्यांचं एक म्हणणं मात्र पूर्ण समजलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही चूक करून ठेवलीय. शाळेत, दवाखान्यात, जिथे कुणी विचारलं तिथे तुम्ही सांगितलंय, भाडेकरूची मुलगी. एकदा तरी कुठे 'आमची' म्हटलं असतं."

"खोटं कसं म्हनायचं?"

"खोटं नाही हो. वाढवलीत ना तुम्ही? मग कोर्टात एवढंच सांगा, आम्ही तिला पोटच्या मुलीसारखी वाढवली."

काकींनी काकांसाठी कोर्टात घालायला गडद निळा सफारी शिवून घेतला. त्यात ते अवघडून जायचे. पायात चपला आल्या, छत्री मात्र राहिली. आणि खिशात खडू. काशीमीऱ्याहून ठाण्याच्या बसमध्ये घोडबंदर रस्त्याभर काकी त्यांची उजळणी घ्यायच्या.

"काय बोलनार?"

"पोटच्या मुलीसारखी वाढवली."

"परत."

"अगं, बस बघतेय सगली."

"बघू दे. परत बोला."

तारखा पडत गेल्या. मामाच्या वकिलाने माळ्याचे फोटो कोर्टात दिले. म्हणाला, लोकांच्या वस्तू परत न करता साठवून ठेवणारा हा विक्षिप्त माणूस आहे, मूलही त्याने तसंच ठेवून घेतलंय. आणि फोटोत तो माळा खरोखरच भंगाराच्या दुकानासारखा दिसत होता. खडूची नावं फोटोत उमटलीच नव्हती. आमच्या बाजूने माझी आई साक्षीला उभी राहिली. त्या वकिलाने विचारलं, "तुम्ही दुसऱ्या खोलीत राहता. त्यांच्या घरात काय चालतं ते तुम्हाला कसं कळणार?" आई घाबरलेली होती, तरी म्हणाली, "साहेब, नळ एक आहे." न्यायाधीश मॅडमनी मान खाली घातली. त्या हसल्या असाव्यात, मला नीट दिसलं नाही.

मग काकांची पाळी आली. मॅडमनी कोमलकडे बघून शांतपणे विचारलं, "ही मुलगी तुमची कोण?"

आमच्या बाकावर काकींचे ओठ हलत होते. पोटच्या मुलीसारखी. काकांनी छत्री दोन्ही हातांत धरली होती.

"माझी कोनी न्हाय, मॅडम. भाडेकरूची हाय."

वकीलबाईंनी डोळे मिटले. मामाचा वकील उभा राहिला. "मॅडम, आता आणखी काय पाहिजे? ते स्वतःच सांगतायत." मॅडमनी त्याला हाताने बसवलं आणि काकांना विचारलं, "तुमची कोणी नाही, तर मग तिला तुमच्याकडे का ठेवायचं?"

"जिची हाय ती परत येनार न्हाय," काका म्हणाले. "आनि पोर तितं करमनार न्हाय म्हनते. ती मोठी होईपरेन सांभालीन. मंग तिची ती. माझी कवाच न्हाय." जरा थांबून ते पुढे म्हणाले, "मामा चांगला हाय. त्याला नको म्हनू नका. त्याला भेटू द्या."

एवढं बोलून ते खाली आले आणि काकींच्या शेजारी बसले. काकी त्यांच्याकडे बघेनात. दोघांच्या मध्ये कोमल बसली होती. थोड्या वेळाने मॅडमनी तिला एकटीला आपल्या खोलीत बोलावलं. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मॅडमनी बिस्कीट दिलं," आणि अर्धं काकींना दिलं.

परतीच्या बसमध्ये काकी खिडकीकडे तोंड करून बसल्या. घोडबंदर रस्ता संपून फाउंटन हॉटेलचा सिग्नल आला तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या.

"एक वाक्य होतं. एक."

"तोंडात आलं न्हाय."

"पोर गेली तर?"

मी पुढच्या सीटवर होतो, मागे वळायची हिंमत झाली नाही. माझ्या मनात आलं की हा माणूस आपल्या खरेपणापायी बायकोच्या हातातलं मूल घालवणार. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. वकीलबाई मात्र पुढच्या भेटीत म्हणाल्या की पालक म्हणजे मालक नव्हे, कायदाही तेच म्हणतो, काका कायद्याचंच बोलले, पण मॅडम ते कसं घेतील सांगता येत नाही.

निकालाआधीच आम्ही ती चाळ सोडली. वडिलांचे गुडघे गेले, उभं राहून नोकरी होईना, आईवडील गावी परतले आणि मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला वसतिगृहात आलो. आमचा पाटा-वरवंटा गावी न्यायला जड म्हणून आई म्हणाली, राहू दे. आम्ही सामान भरत असतानाच काकांनी तो नळाखाली धुतला, पण माळ्यावर चढवणं त्यांना आता जमेना. मी आणि त्यांनी मिळून चढवला. त्यांनी खडूने आमचं आडनाव लिहिलं. मी म्हटलं, "काका, आम्ही परत येऊ असं वाटत नाही. कुणाला तरी देऊन टाका."

"आलास तर?" ते म्हणाले.

जाताना त्यांना वाकून नमस्कार केला. कोमलने मला विचारलं, "दादा, मला नेलं तर काका माझं नाव माळ्यावर लिहितील ना?" टेम्पोवाला हॉर्न देत होता.

पुण्यात आल्यावर मी दर आठवड्याला फोन करायचो. काकी म्हणायच्या, तारीख पडली. पुन्हा तारीख पडली. मॅडमची बदली होणार अशी बातमी आली, मग झाली नाही. मग माझ्या परीक्षा आल्या आणि फोन राहिला.

परवा दुपारी मी मेसमध्ये जेवायला बसलो होतो. काकींचा फोन आला. त्या स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून घास तसाच राहिला.

"ऑर्डर झाली रं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडंच. मोठी होईपरेन. सुट्टीत मामानं न्यायची आनि आनून सोडायची."

मी विचारलं, "काका काय म्हणाले?"

"काय म्हननार? वकीलबाईंना इचारत बसले, मामाचं नाव नीट लिवलंय ना त्यात, मामाचं नाव नीट लिवलंय ना."

मागून कोमलचा आवाज येत होता. काकी, कुकर, काकी, कुकर. "आली गं," त्या ओरडल्या आणि मला म्हणाल्या, "मना काय पन हाक मारू दे. मारनार तर इथनंच ना." मग त्या हसायला लागल्या, आणि हसत हसतच त्यांनी पुढचं सांगितलं.

ठाण्याहून घरी आल्यावर काका नळावर वाकून पाय धूत होते. अंगात तोच निळा सफारी. कोमलने मागून येऊन त्यांच्या खिशातला खडू काढून घेतला आणि त्यांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कोमल. काकी म्हणाल्या, "थांबा, पुसते." तर काका वाकलेलेच राहून म्हणाले, "तू न्हाय. जिचं नाव ती पुसेल." काकींनी कोमलकडे बघितलं. तिने खडू पुन्हा त्यांच्या खिशात ठेवला आणि घरात निघून गेली.

मग काका तसेच उठले, छत्री घेतली आणि मासळी आणायला बाजारात गेले. पार स्टेशनपर्यंत जाऊन आले. वाटेत ज्याने त्याने सांगितलं, काका, पाठीला खडू लागलाय. भाजीवालीने सांगितलं, रिक्षावाल्याने हाक मारून सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय," काकी म्हणाल्या. "म्हनाले, म्हाईत हाय. आनि सफारी अजून खुंटीवर हाय रं. धुवायला मना हात लावू देत न्हायत."